म्हाकूला हिरडा ओळखता आला नाही

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आता आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यातलं कुणी हे वाचत असेल तर ते हसेल. कारण म्हाकू धनगराची आणि भोरच्या मुलाखतीची गोष्ट मी सांगितली नाही असं गाव या खोऱ्यात नाही. चावडीवर सांगितली, लग्नाच्या मांडवात सांगितली, एकदा तर भाताच्या खळ्यावर अशी रंगवली की मळणीचे बैल फिरायचे थांबले. (असं मी सांगतो. बैल दमले होते.) लोकांनी पोट धरून हसावं अशी ती गोष्ट आहे. पण ती वेगळी आणि ही वेगळी. माणसं तीच, जागा तीच, दिवससुद्धा तोच — तरी वेगळी. कशी ते सांगायला मी बसलोय खरा, पण बघा ना, आत्ताच माझा हात आडवळणाला लागला.

मी थापाड्या माणूस. हे कबूल करायला मला काही वाटत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या तोंडून निघालेला साप कधी सहा हातांच्या खाली आला नाही, आणि तोरण्याचा वाघ म्हणे मला बघून वाट सोडायचा. त्या साली मी तेवीस-चोवीस वर्षांचा असेन. भाटघरच्या धरणाचं काम चाललेलं होतं ते दिवस. भोर संस्थानच्या जंगलखात्यात गार्डाच्या जागा निघाल्याची दवंडी झाली आणि मी दुसऱ्या दिवशी गावात सांगून मोकळा — नोकरी मला लागल्यातच जमा आहे, साहेब मला नावानं ओळखतो. साहेबाचं तोंड मी पाहिलं नव्हतं. पण ही थाप डोंगर ओलांडून पानशेतकडच्या एका गावात पोचली, आणि तिथल्या एका गृहस्थानं तिच्या भरवशावर आपल्या मुलीची सुपारी माझ्याशी फोडली. म्हणजे नोकरी लागली नाही तर नुसती नोकरी जाणार नव्हती. माघारी यायला मला तोंडच उरणार नव्हतं.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतोय.

म्हाकू आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावरच्या धनगरवाड्यातला. सात-आठ घरं, म्हशी, थोड्या शेळ्या. लहानपणी तो रोज डोंगर उतरून आमच्या शाळेत यायचा आणि माझ्याशेजारी बसायचा. चौथीनंतर त्याची शाळा सुटली, माझी सातवीपर्यंत चालली. सोबत मात्र सुटली नाही. गार्डाच्या जागांबद्दल मीच त्याला सांगितलं. दोघांचे अर्जही मीच लिहिले. दोन जागा आहेत असं ऐकलं होतं — दोन जागा आणि आम्ही दोघं, हिशेब किती सरळ.

त्याला ती नोकरी कशाला हवी होती? मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. त्या वेळचा आमच्या बाजूचा गार्ड वाड्यावर आला की घरटी तुपाचा गडवा बाहेर काढावा लागायचा. नाही काढला तर शेळ्यांसाठी तोडलेली एखादी डहाळी दाखवून तो माणसाला पकडून न्यायचा. आदल्या उन्हाळ्यात म्हाकूच्या बापाला त्यानं ऐनाच्या चार फांद्यांपायी दोन दिवस उन्हात बसवलं होतं. म्हातारा परत आला तेव्हापासून कुणाशी धड बोलत नव्हता. “आपल्यातला एक गार्ड झाला का वाड्यावरचं ह्ये भ्या संपलं, शंकऱ्या,” म्हाकू मला म्हणायचा. त्याचा पोरगा तेव्हा पाळण्यात होता. त्याच्याकडं बघून म्हणायचा.

तर आम्ही तयारीला लागलो. पंधरा दिवस रोज मी डोंगर चढून वाड्यावर जायचो. साहेब झाडांची पारख करायला लावणार हे कळलं होतं — मेजावर साली, पानं, फळं मांडतात आणि एकेक ओळखायला सांगतात. मी शेतकऱ्याचा पोरगा. आंबा, फणस, जांभूळ सोडले तर बाकी सगळं मला ‘झाड’. म्हाकू माझाच फेटा माझ्या डोळ्यांवर बांधायचा आणि हातात सालीचा तुकडा द्यायचा. “हात लाव. सुसरीची पाठ लागली? ऐन. आता ह्ये बघ. न्हाऊ घातल्याल्या पोराचा गाल — मंजी नाणा. काटं टोचलं? सावरी आपलं नाव आपणच सांगती.” हिरड्याला कंगोरे, बेहडा गोल. त्याची बोटं झाडांशी बोलायची हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगेन, आणि यात तसूभर वाढवलेलं नाही. शंभर झाडं तरी त्याला नुसत्या हातानं कळत होती.

मी त्याला साहेबापुढं उभं कसं राहायचं ते शिकवायचो. साहेब म्हणून चांदी नावाची म्हैस. तिच्या एका शिंगावर माझी टोपी अडकवायची आणि म्हाकूनं हात बांधून “जी साहेब” म्हणायचं. चांदी रवंथ करत त्याच्याकडं अशा नजरेनं बघायची की पुढं खरा साहेब पाहिला तेव्हा मला तीच आधी आठवली. हा भाग मी गोष्टीत नेहमी सांगतो. लोक फार हसतात.

जे सांगत नाही ते हे, की भीती मलाच जास्त होती. चार लोकांत माझं तोंड थांबत नाही, पण मोठा माणूस समोर आला की जीभ टाळूला चिकटते, पाठ केलेलं सगळं वाहून जातं. म्हाकूनं त्यावरही उपाय काढला. म्हैस बुजून पान्हा चोरायला लागली की वाड्यावरचे लोक तिच्या कुशीला कपाळ टेकतात आणि तिच्या श्वासाबरोबर आपला श्वास सोडत राहतात. हळूहळू म्हैसही निवते, माणूसही निवतो. तसं मला तो चांदीला टेकून उभं करायचा. “आता भ्या तिला दे,” म्हणायचा, “तिचं पोट लई मोठं हाय.”

आम्ही निघालो. पहिल्या दिवशी दिवस कलायच्या आत नसरापूर गाठलं. म्हाकू तांब्या घेऊन पाण्याला गेला आणि मी एका दुकानाच्या फळीवर टेकलो. तिथं भोरच्या कचेरीतला एक शिपाई रजेवर घरी निघालेला बसला होता. मी नेहमीप्रमाणं बढाई सुरू केली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दोन कुठल्या? जागा एकच हाय. एक रद केली. बगा बाबा, नऊ जण येणार हायत.” गोष्टीत मी चाळीस जण सांगतो. नऊ होते.

म्हाकू पाणी घेऊन आला. मी प्यालो. तो म्हणाला, “काय म्हनत व्हता त्यो?” मी म्हणालो, “काही नाही, वाट विचारत होता.”

बनेश्वराच्या देवळात मुक्काम केला. तिथं सांगू म्हटलं. सकाळी सांगू म्हटलं. कापूरहोळ मागं पडलं, भोर दिसायला लागलं. तुम्ही म्हणाल, सांगून काय बिघडलं असतं? काहीच नाही. तो हसला असता आणि म्हणाला असता, ज्याला लागंल त्याला लागंल. म्हणूनच सांगवेना. कारण कुणाला लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं.

मुलाखत दुपारी होती. नीरेच्या घाटावर आम्ही भाकरी सोडली आणि माझं पाठांतर तिथंच सांडलं. ऐन, किंजळ, नाणा, हेद — सगळी नावं गेली. स्वतःच्या गावाचं नाव आठवायला मला वेळ लागला, आता बोला. म्हाकूनं इकडंतिकडं पाहिलं. एक म्हातारा नदीत म्हैस धूत होता. म्हाकूनं मला दंडाला धरून गुडघाभर पाण्यात नेलं आणि माझं कपाळ त्या परक्या म्हशीच्या कुशीला टेकवलं.

“आरं ए, काय करतुयास माज्या म्हशीला?” म्हातारा ओरडला.

“काय न्हाई मामा,” म्हाकू म्हणाला. “गडी नोकरीला निगालाय, वाईच टेकू द्या.”

“म्हशीकडं नोकरी हाय व्हय?”

मी मात्र टेकून राहिलो. तिचा श्वास जाई-येई तसा माझा जाऊ-येऊ लागला. छातीतली धडधड उतरली. डोकं इतकं स्वच्छ झालं, इतकं स्वच्छ — आणि त्या स्वच्छ डोक्यात पहिली गोष्ट जी आली ती मी आदल्या रात्रीपासून जुळवत होतो तीच होती.

मी नेहमी स्वतःला सांगत आलो की ती थट्टा होती. आयत्या वेळी तोंडून निघून गेली, मला खोड आहेच. पण थट्टा असती तर मी हसलो असतो ना? आणि थट्टेला कुणी आधी पाठ करतं का?

काठावर येऊन म्हाकू पाय पुसत म्हणाला, “आता मलाच भ्या वाटाय लागलंय बग. साहेब काय इचारंल रं?”

मी आवाज खाली घेतला. म्हणालो, काल तो शिपाई भेटला त्यानं एक सांगितलंय, तुला सांगावं की नाही कळत नव्हतं. गेल्या साली वरंध्याच्या बाजूचा एक जण असाच आला होता. त्यानं मेजावरच्या सगळ्या साली नुसत्या हातानं ओळखल्या. साहेब म्हणाला शाब्बास, आणि शिपायाला म्हणाला, याला बसवून ठेव. कोयता चालवल्याशिवाय सालीची एवढी ओळख हाताला होत नाही. तो माणूस आज तुरुंगात दगड फोडतोय. म्हाकू, ते मेज गार्ड निवडायला नाही. जंगलात तोड करणारे कोण ते धरायला आहे. शेतकऱ्याला सोडतात — धनगर असला की सोडत नाहीत.

म्हाकूनं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मग त्यानं बरोब्बर विचारलं, “मंग तू रं? तू वळकलंस तर?”

बघा, तो बावळट नव्हता. थापेला जिथं भोक होतं तिथंच त्यानं बोट घातलं. पण मी त्याचीही तयारी करून आलो होतो. म्हणालो, माझ्याकडं सातवीचा दाखला आहे, पुस्तकात वाचलं म्हणेन. तुझा बाप पकडला गेला होता, त्याचं नाव लिहिलेलं असणार.

बापाचं नाव निघालं आणि त्याचा चेहरा उतरला. तो उठून माघारीच निघाला होता. मीच त्याला थांबवलं. अर्ज केलाय, आला नाहीस तर जास्त संशय येईल. उभा राहा आणि काहीच ओळखू नकोस. त्यानं माझा हात धरला आणि दाबला. उपकार झाल्यासारखा.

कचेरीच्या पडवीत मेज मांडलं होतं. साहेब डोक्यावर पगडी, अंगात कोट, हातात रुळासारखी काठी. मारकुटा, खेकसणारा — असा मी गोष्टीत सांगतो. खरं तर तो शांत माणूस होता आणि प्रत्येकाला “घाबरू नका” म्हणत होता. म्हाकूचा नंबर आला. साहेबानं काठीनं एक तुकडा पुढं सरकवला. ऐनाची साल. वाड्यावरच्या पोरालाही कळली असती.

“हे काय आहे?”

“लाकूड,” म्हाकू म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो.

“कशाचं?”

“ठावं न्हाई जी.”

दुसरा तुकडा, तिसरा, चौथा. प्रत्येकाला तेच. शेवटी साहेबानं एक हिरडा उचलून स्वतः त्याच्या तळहातावर ठेवला. आमच्या भागात ज्याला हिरडा माहीत नाही असा माणूस जन्माला आलेला नाही. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळी तो वेचून आणतात. म्हाकू त्या हिरड्याकडं बघत राहिला. त्याचा अंगठा आपोआप कंगोऱ्यांवरून फिरला. मग त्यानं हात एकदम उघडा धरला, जसं काही चटका बसला. “ठावं न्हाई जी.”

साहेब हसला नाही. त्याला शंका आली होती. त्यानं कागदावर नजर टाकली आणि रांगेत माझ्याकडं पाहिलं. “तुम्ही दोघं एकाच बाजूचे दिसता. याला खरंच यातलं काही येत नाही? की हा भ्यालाय?”

इथं मला थांबावं लागतंय.

पाणी हवं असं वाटतंय, म्हणजे बघा. त्या घाटावरची थाप मोठी होती, तुरुंग होता तिच्यात, दगड होते. पण ती मागं घेता येण्यासारखी होती. साहेबानं स्वतः दार उघडून धरलं होतं. “भ्यालाय साहेब” एवढे दोन शब्द. म्हाकू माझ्याकडं बघत होता — आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं सांगू? विनवणी होती. मी त्याला वाचवावं म्हणून.

मी म्हणालो, “येत नाही साहेब. म्हशीमागं असतो.”

आयुष्यभरात मी हजारो थापा मारल्या. ही सगळ्यात लहान. हिला ना शेपूट ना शिंग. खऱ्यासारखी साधी, आणि म्हणूनच साहेबाला पटली. त्यानं कागदावर रेघ ओढली.

माझा नंबर आला. पंचवीसपैकी पंचवीस ओळखली असं मी सांगतो. सोळा ओळखली. आणि त्यातली एक माझी नव्हती. एका फिकट, गुळगुळीत सालीपाशी मी अडलो. नजर वर गेली तर साहेबाच्या मागं, पडवीच्या खांबाशी म्हाकू उभा. त्यानं अंगठा हळूच आपल्या गालावरून फिरवला. पकडला गेलो तर बेड्या पडतील असं त्याच्या मनात असूनही फिरवला.

“नाणा,” मी म्हणालो.

नोकरी मला लागली. जागा एकच होती हे म्हाकूला तिथं कळलं, आणि त्याला वाटलं मलाही तिथंच कळलं. परतीच्या वाटेवर तो इतका मोकळा होता की माझं गाठोडंही त्यानंच घेतलं. “वाचलो गड्या. तू व्हतास म्हनून वाचलो.” त्यानं ही गोष्ट वाड्यावर सांगितली, बापाला सांगितली, बायकोला सांगितली. त्यांनी मला तूप दिलं. मी घेतलं. पुढच्या साली लग्न झालं तेव्हा माझ्या वरातीपुढं म्हाकू नाचत होता. आणि मी काय केलं? मी त्याची गोष्ट बनवली. भित्र्या धनगराला हुशार मित्रानं कसं वाचवलं, आणि त्यानं ऐनाला लाकूड कसं म्हटलं. म्हाकू समोर बसलेला असायचा आणि सगळ्यांत जास्त तोच हसायचा. गार्ड म्हणून माझं नाव झालं ते झाडांच्या माहितीमुळं, आणि झाड अडलं की मी वाड्यावर जाऊन कुणाला विचारायचो ते सांगायला नको. मी गार्ड झाल्यावर वाड्यावरच्या कुणाला उन्हात बसवलं नाही, हे खरं. पण तूप कधी परत केलं नाही, हेही खरं.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली आमच्या बाजूला गार्डाच्या तीन जागा निघाल्या. नवा साहेब मला म्हणाला, वरच्या वाड्यांवरची जाणती पोरं आणा, त्यांच्याइतकी झाडं कुणाला कळत नाहीत. मी त्याच दिवशी वर गेलो. म्हाकूचा पोरगा सोनबा तेव्हा अठरा-एकोणीसचा होता. बापाची बोटं त्यानं जशीच्या तशी उचलली होती. मला वाटलं, आता तरी. एवढं तरी होईल माझ्या हातून. चढताना मी तरण्या गड्यासारखा चढलो.

ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. तीन जागा आहेत, पोरांना पाठवा, मी साहेबांशी बोललोय. वाड्यावरची चार-पाच पोरं जमली होती. सोनबाचे डोळे चमकले ते मी पाहिले. म्हाकू चिलीम ओढत ऐकत होता. माझं संपल्यावर तो हसला आणि पोरांकडं वळला.

“ऐकलं का? आता माजं ऐका. गार्डसाहेब सरकारी मानूस हायती. त्यास्नी तोंडानं आसंच म्हनावं लागतं. पर त्यांचं मन म्या वळकतो. त्या टायमाला त्यांनीच मला सांगितलं व्हतं, त्ये मेज कशापायी मांडत्यात त्ये. कुनी जायाचं न्हाई.”

आणि माझ्याकडं बघून त्यानं एक डोळा बारीक केला. आपल्या दोघांतलं आपल्या दोघांत, असा.

ते खोटं मी त्याला एकदाच सांगितलं होतं. खरं पटवायला आता माझ्याकडं काही उरलं नव्हतं. एक सोडून. ‘म्हाकू, मी तेव्हा थाप मारली होती.’ एवढंच म्हणायचं होतं. ओट्यावर त्याची बायको होती, पोरं होती. मी दुधाचा पेला उचलला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

सोनबा मला उतारापर्यंत पोचवायला आला. उताराच्या तोंडाशी थांबला आणि म्हणाला, “मामा, खरंच सांगा. त्यो सापळाच आस्तो का? मला जायाचं हाय.”

त्याचा बाप वर राहिला होता. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

“बाप सांगतो ते ऐकावं,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि तो वर चढून गेला. मी खाली आलो आणि साहेबांना द्यायचा कागद त्याच दिवशी लिहिला. वाड्यांवर समक्ष जाऊन चौकशी केली. नोकरीस कोणी राजी नाही. खाली माझी सही.